बार्शीचा पीसी पुण्यातून चालवायचा: आधी लाइट, मग सॉफ्टवेअर

तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा आधी सांगतो. तुम्ही पुण्यात नोकरीला, पीसी बार्शीला घरी, त्यावर वडिलांच्या कृषी सेवा केंद्राचं टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर. वडील दिवसा बिलांची एंट्री करतात, तुम्ही रात्री नऊनंतर ती तपासायची आणि दर महिन्याला जीएसटीचं उरकायचं, ज्यासाठी आतापर्यंत दर पंधरा दिवसांनी गाडी पकडून गावी जात होतात. मित्र म्हणाला एनीडेस्क टाक, म्हणजे दूरचा पीसी आपल्या स्क्रीनवरून चालवायचं सॉफ्टवेअर. मावसभाऊ म्हणाला स्टॅटिक आयपी (नेटचा न बदलणारा पत्ता) घे आणि राउटरमध्ये ३३८९ पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघड, एकदम फर्स्टक्लास चालतं. तुम्ही विचारताय या दोघांत बरं कुठलं. विंडोज ११ होम आहे हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, बरेच लोक तेच सांगायचं विसरतात.

मी साताऱ्यात सतरा-अठरा वर्षं छोट्या ऑफिसांचं, सीए लोकांचं, दवाखान्यांचं नेटवर्क बघतोय, आणि रिमोटचं काम आठवड्यातून दोनदा तरी येतंच. त्या अनुभवावरून सांगतो, सॉफ्टवेअर कुठलं हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. आजकाल सगळीच सॉफ्टवेअरं बऱ्यापैकी चालतात. अडतं कुठे, तर रात्री सव्वानऊला तुम्ही लॅपटॉप उघडता आणि तिकडचा पीसी ऑफलाइन दिसतो. लाइट गेली होती, किंवा वडिलांनी सवयीनं शटडाउन केलं, किंवा आईनं झोपताना बोर्डावरचं बटण बंद केलं. आणि त्या वेळी पीसीजवळ जो माणूस आहे तो सत्तरीचा आहे, त्याला फोनवरून काय काय सांगणार.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. माझ्याच गावच्या घरचा पीसी एकदा दोन दिवस लागेना, मी आईला फोनवर सांगतोय "गोल बटण दाब", ती बिचारी दाबतेय, "दाबलं रे, निळी लाइट लागली", तरी काही नाही. तिसऱ्या दिवशी मी स्वतः गेलो तेव्हा कळलं की ती मॉनिटरचं बटण दाबत होती, कारण कॉम्प्युटर म्हटलं की तिच्या डोळ्यासमोर तोच येतो, खालची पेटी म्हणजे तिच्यासाठी स्टॅबिलायझरसारखं काहीतरी. चूक तिची नव्हती, माझी होती, मी तिच्यावर अवलंबून राहणारी व्यवस्था केली होती. तेव्हापासून मी कुठल्याही घरी रिमोट लावताना एकच बघतो, की तिकडे कुणीही काहीही न करता मशीन आपलं आपण उभं राहतंय का.

तर पहिलं काम बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये. पीसी चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून आत जा आणि पॉवरच्या भागात बघा, कुठे 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' असं लिहिलेलं असतं, कुठे 'एसी बॅक', डेलमध्ये 'एसी रिकव्हरी'. तिथे तीन पर्याय असतात: बंदच राहा, आधी जसं होतं तसं, आणि चालू हो. बरेच जण 'आधी जसं होतं तसं' ठेवतात आणि तिथेच फसतात, कारण यूपीएसची बॅटरी संपत आली की विंडोज नीट शटडाउन होतं, मग लाइट आल्यावर मशीन म्हणतं मी तर बंद होतो, बंदच राहतो. म्हणून 'पॉवर ऑन' ठेवा. तिथेच 'ईआरपी' नावाचं वीज वाचवायचं सेटिंग चालू असेल तर ते बंद करा, ते चालू असलं की आपोआप उठायची बाकीची सेटिंगं चालत नाहीत.

वडील रोज रात्री शटडाउन करत असतील तर त्यांची सवय मोडायला जाऊ नका. चाळीस वर्षं दुकान बंद करताना दिवे बंद करणाऱ्या माणसाला 'कॉम्प्युटर चालू ठेवा' हे पटत नाही, आणि त्यांचंही बरोबरच आहे. डेस्कटॉप नुसता बसून असला तरी पन्नास-साठ वॅट खातो, म्हणजे चोवीस तास चालू ठेवला तर महिन्याला ३६ ते ४३ युनिट त्यातच गेले. त्यापेक्षा बायॉसमध्येच 'रिझ्यूम बाय आरटीसी अलार्म' असं काहीतरी असतं, त्यात रोज रात्री ८:४५ ची वेळ टाका. वडिलांनी आठला बंद केला तरी पावणेनऊला तो आपोआप चालू होईल, आणि आधीच चालू असेल तर अलार्मनं काही बिघडत नाही. काम झालं की तुम्ही पुण्यातून शटडाउन करा. एवढं केल्यावर विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' तेवढं बंद करा, त्याच्यामुळे शटडाउन हे खरं शटडाउन नसतं आणि आपोआप उठणं काही बोर्डांवर गडबडतं. स्लीप 'नेव्हर' करा.

कुणीतरी तुम्हाला वेक-ऑन-लॅन सांगेल, म्हणजे नेटवर्कवरून एक पॅकेट पाठवून बंद पीसी उठवायचा. चांगली गोष्ट आहे, पण ते पॅकेट घरच्या नेटवर्कच्या आतूनच पाठवावं लागतं, म्हणजे घरात दुसरं काहीतरी सतत चालू पाहिजे, आणि तुमचं काम रात्री ठरलेल्या वेळी असल्यामुळे तुम्हाला त्याची गरजच नाही.

राहिलं बोर्डावरचं बटण. आपल्याकडे झोपताना सगळी बटणं बंद करायची पद्धत आहे आणि बटण बंद असलं की वरचं कुठलंच सेटिंग काही करू शकत नाही. त्यावर मला एकच उपाय सापडलाय, बटणावर चिकटपट्टी आणि शेजारी मोठ्या अक्षरात चिठ्ठी. राउटरच्या बटणालाही तेच. आणि राउटरला एक छोटा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावा, दोन हजारांच्या आत येतो, लाइट तासभर गेली तरी नेट राहतं. पीसीला जमलं तर वायफाय नको, लॅन केबल टाका. विंडोज अपडेटनंतर वायफायचा ड्रायव्हर रुसला तर तुम्ही पुण्यात बसून काहीच करू शकत नाही.

आता मावसभावाच्या सल्ल्याकडे येतो, आणि इथे मी जरा स्पष्ट बोलणार आहे. ३३८९ उघडू नका. तो विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट, आणि एक तर तुमच्या होम एडिशनमध्ये रिमोट डेस्कटॉपचा यजमान व्हायची सोयच नाही, ती प्रोमध्ये असते. म्हणजे मावसभावाच्या पद्धतीनं जायचं तर आधी प्रोचं लायसन्स घ्यावं लागेल. काही लोक होमवरच एक जुगाड फाइल टाकून ते चालू करतात, कामाच्या मशीनवर ते करू नका, पुढच्या विंडोज अपडेटला बंद पडतं आणि तेव्हा नेमकी जीएसटीआर-१ ची अकरा तारीख असते.

पण समजा प्रो घेतलं, तरीही नाही. सगळं आयपीव्ही४ (नेहमीच्या आयपी पत्त्यांचं) इंटरनेट एका साध्या सर्व्हरवरून पाऊण तासात चाळता येतं हे मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ लाच करून दाखवलं होतं. त्यामुळे 'बार्शीतल्या आमच्या पीसीत कुणाला काय इंटरेस्ट' हे म्हणणं चालत नाही. तुम्हाला ओळखून कुणी येत नाही, बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) येतात, दिवसरात्र पासवर्ड टाकून बघतात. पोर्ट बदलून ३३९० केला तरी तेच, दोन दिवस उशिरा सापडता एवढंच. त्यात कधी रिमोट डेस्कटॉपमध्येच भोक निघतं. मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाचं निघालं होतं, त्यात पासवर्ड माहीत असायचीही गरज नव्हती, आणि मायक्रोसॉफ्टला ते इतकं गंभीर वाटलं की सपोर्ट संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा त्यांनी पॅच काढला.

माझ्या एका गिऱ्हाइकाकडे, नाव-गाव सांगत नाही, आधीच्या कुणीतरी असाच पोर्ट उघडून ठेवला होता. सोमवारी सकाळी फोन आला की टॅली कंपनी उघडत नाही. गेलो, बघतो तर प्रत्येक फाइलच्या नावामागे एक लांबलचक शेपूट लागलेलं आणि डेस्कटॉपवर पैशांची मागणी करणारी टेक्स्ट फाइल. बॅकअप होता, रोज घेत होते, पण ज्या हार्डडिस्कवर घेत होते ती पीसीलाच कायम लावलेली, त्यामुळे तीही गेली. त्या मालकांनी आणि त्यांच्या मुलीनं कागदी बिलं काढून सात महिन्यांची एंट्री परत केली, मी तिथे बसून बघितलंय ते. म्हणून कुठलंही रिमोट लावायच्या आधी टॅलीचा बॅकअप एका पेनड्राइव्हवर घ्या आणि तो काढून कपाटात ठेवा.

आणखी एक गोष्ट, जी मावसभावाला माहीत नसावी. घरच्या नेटला बाहेरून येता येईल असा स्वतःचा पत्ता असेलच असं नाही. कंपन्यांकडे आयपीव्ही४ पत्ते कमी आहेत म्हणून त्या कित्येक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात, त्याला सीजीनॅट म्हणतात. तपासायला सोपं आहे: राउटरच्या पानावर वॅन आयपी (राउटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता) बघा, मग ब्राउझरमध्ये 'माझा आयपी काय' असं शोधून तो बघा. दोन्ही वेगळे दिसले, किंवा राउटरवरचा आकडा १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असला, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात आणि पोर्ट उघडून काहीही होणार नाही. स्टॅटिक आयपी घेतला तर त्याचे वेगळे पैसे.

मग रस्ता कुठला, तर ज्यात घरचा पीसी स्वतः बाहेर जोडून घेतो तो. बाहेरून आत यायला दार उघडावं लागत नाही, सीजीनॅट असलं तरी फरक पडत नाही. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, क्रोम रिमोट डेस्कटॉप, रस्टडेस्क हे सगळे असेच चालतात. टेलस्केलही, फक्त ते स्क्रीन दाखवत नाही, ते तुमचा लॅपटॉप आणि घरचा पीसी एकाच खासगी नेटवर्कवर आणतं, पुढे स्क्रीनसाठी वेगळं काहीतरी वापरायचं.

एनीडेस्क वाईट आहे असं मी म्हणणार नाही, स्पीडला छान आहे, मी स्वतः गिऱ्हाइकांच्या तात्पुरत्या मदतीला पैसे भरून वापरतो. पण तुमच्यासाठी मी ते सुचवत नाही, कारण त्याचं आणि टीमव्ह्यूअरचंही फुकट वापरणं हे खासगी वापरापुरतं असतं, दुकानाचे हिशेब त्यात बसत नाहीत, आणि त्यांच्या सिस्टिमला संशय आला की ऐन कामात कनेक्शन तोडतात. शिवाय २०२४ च्या फेब्रुवारीत कंपनीनंच जाहीर केलं होतं की त्यांच्या सर्व्हरांत कुणीतरी घुसलं होतं, सर्टिफिकेटं बदलली, पासवर्ड बदलायला सांगितले. त्यांनी ते निस्तरलं, पण चोवीस तास मशीन त्यांच्या भरवशावर ठेवताना हे लक्षात असावं.

पण माझं खरं कारण वेगळंच आहे, तुमचे वडील. बँकेतून बोलतोय, केवायसी राहिलंय, हे ॲप टाका आणि स्क्रीनवरचा नऊ-दहा आकडी नंबर सांगा, हा फोन आपल्याकडे घरोघरी येऊन गेलाय, रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्ये एनीडेस्कचं नाव घेऊन बँकांना सावध केलं होतं. ज्या पीसीवर एनीडेस्क आधीच आहे आणि 'मुलगा यातूनच काम करतो' हे ज्यांना माहीत आहे, त्या माणसाला तो नंबर सांगण्यात काही वावगं वाटत नाही. ज्या घरी म्हातारी माणसं आणि नेटबँकिंग एकाच पीसीवर आहेत तिथे नंबर सांगून आत घेणारं सॉफ्टवेअर मी कायमचं ठेवत नाही.

म्हणून माझं उत्तर, सुरुवात क्रोम रिमोट डेस्कटॉपनं करा. होम एडिशनवर चालतं, पैसे नाहीत, सर्व्हिस म्हणून बसतं त्यामुळे पीसी रीस्टार्ट होऊन लॉगिनच्या स्क्रीनवर थांबला तरी तुम्हाला जोडता येतं. घरच्या पीसीवर 'रिमोट ॲक्सेस' सेट करायचं, कमीत कमी सहा आकडी पिन द्यायचा, आणि तुमच्याच गुगल अकाउंटनं पुण्यातून उघडायचं. तुमचं ते अकाउंट हीच आता घराची किल्ली झाली, त्यामुळे टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा आणि बॅकअप कोड कागदावर लिहून पाकिटात ठेवा. आणि वडिलांच्या पीसीवर क्रोममध्ये तुमचं अकाउंट लॉगिन करून सोडू नका, सेटअप झाला की साइन आउट, सर्व्हिस चालू राहते.

यात वडिलांच्या दृष्टीनं एक फायदा आहे जो फार कमी लोक बघतात. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपनं तुम्ही शिरलात की तिकडची स्क्रीन लॉक होते, वडील समोर बसले असतील तर त्यांच्या हातातलं काम एकदम नाहीसं होतं, ते घाबरतात, पासवर्ड टाकतात, आणि तुम्ही बाहेर फेकले जाता. क्रोममध्ये दोघांना तीच स्क्रीन दिसते. बिल नंबर ४१२ मध्ये खताची रक्कम चुकली असेल तर तुम्ही कर्सर तिथे नेऊन फोनवर सांगू शकता, 'बाबा, हे बघा'. वडिलांची एंट्री तपासायचं काम असं दोघांनी मिळून बघितलं की पुढच्या महिन्यात चुका कमी होतात, हे मी दोन-तीन घरी पाहिलंय.

त्रास काय होतो तेही सांगतो. टॅली सगळं कीबोर्डवर चालतं आणि काही शॉर्टकट ब्राउझर स्वतःच खाऊन टाकतो, कंट्रोल-एन दाबलं टॅलीच्या कॅल्क्युलेटरसाठी आणि क्रोमची नवी विंडो उघडली असं होतं. म्हणून पुण्याच्या लॅपटॉपवर ते साध्या टॅबमध्ये उघडू नका, क्रोमच्या मेन्यूतून ॲपसारखं इन्स्टॉल करा आणि फुलस्क्रीन करून वापरा, बहुतेक कळा तिकडे पोचतात. नॅरेशन मराठीत टाइप करत असाल तर लॅपटॉपचा कीबोर्ड इंग्रजीवरच ठेवा आणि भाषा तिकडच्या पीसीवर बदला, दोन्हीकडे मराठी लावलं की अक्षरांची खिचडी होते. आणि घरचा मॉनिटर बोर्डावरून बंद केला की काही ग्राफिक्स कार्डांना वाटतं मॉनिटरच नाही, मग तुम्हाला काळी स्क्रीन दिसते, तेव्हा ती चिठ्ठी मॉनिटरच्या बटणालाही.

हे एक-दोन महिने वापरून बघा. रात्रीची तासभर तपासणी आणि अकरा तारखेचं जीएसटीआर-१, वीस तारखेचं जीएसटीआर-३बी एवढंच असेल तर मला वाटतं इथेच तुमचं काम भागेल. पण तुम्ही रोज तीन-चार तास बसायला लागलात, किंवा पुण्याच्या प्रिंटरवर प्रिंट हवी झाली, दोन मॉनिटर हवे झाले, तर मग विंडोज प्रो घ्या, टेलस्केल टाका आणि त्याच्या आतून विंडोजचं रिमोट डेस्कटॉप वापरा. कामाला त्याच्याइतकं सहज मला दुसरं काही वाटत नाही, एक-दोन एमबीपीएसवरसुद्धा अक्षरं काचेसारखी स्वच्छ दिसतात. मावसभावाचं म्हणणं त्या अर्थानं बरोबर होतं, फक्त दार रस्त्यावर उघडायचं नाही.

त्या रस्त्यानं गेलात तर तीन गोष्टी, ज्यांच्यासाठी मला स्वतःला गाडी काढून जावं लागलंय. टेलस्केलच्या विंडोज सेटिंगमध्ये 'रन अनअटेंडेड' चालू करा, नाहीतर रीस्टार्टनंतर कुणी लॉगिन करेपर्यंत ते जोडतच नाही. त्यांच्या वेबसाइटवर जाऊन त्या पीसीची की एक्सपायरी (जोडणीची मुदत संपणं) बंद करा, एरवी १८० दिवसांनी मशीन गुपचूप बाहेर पडतं आणि सहा महिन्यांपूर्वी काय केलं होतं हे तोवर कुणाच्याच लक्षात नसतं. आणि रिमोट डेस्कटॉपला विंडोजचा चार आकडी पिन चालत नाही, अकाउंटचा खरा पासवर्ड लागतो, रिकामा पासवर्डही चालत नाही, तर तो आधी ठरवून लिहून ठेवा. तेव्हाही क्रोम रिमोट डेस्कटॉप काढू नका, एक रस्ता अडला की दुसरा असावा.

एक बाजूचं सांगतो, कारण हे कुणीतरी सुचवेलच. रिमोट कशाला, टॅलीचा डेटा फोल्डर गुगल ड्राइव्हला किंवा वनड्राइव्हला सिंक करून दोन्हीकडे उघडा. बिलांचे स्कॅन, पीडीएफ, एक्सेल यांच्यासाठी हे उत्तम आहे, त्यांच्यासाठी रिमोट वापरूच नका. पण चालू टॅली डेटा तसा सिंक करू नका, एंट्री चालू असताना अर्धवट फाइल वर जाते आणि डेटा खराब होतो. त्यात तुमचं लायसन्स एका पीसीपुरतं असेल तर पुण्यात ते उघडायचंही नाही.

आता गेलात की सगळं लावून झाल्यावर लगेच परत निघू नका. एक रात्र राहा. पीसी चालू असताना मेन स्विच पाडा, पाच मिनिटं थांबा, परत टाका, आणि पीसीला हात न लावता ओट्यावर जाऊन मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून, घरच्या वायफायवरून नाही, जोडून बघा. मग वडिलांना नेहमीसारखं शटडाउन करू द्या आणि पावणेनऊला तो उठतो का बघा. मी गिऱ्हाइकाकडे हे दोन्ही केल्याशिवाय पैसे घेत नाही. ओट्यावरून दोन्ही वेळा टॅली उघडलं तर पुण्यातूनही उघडेल. नाही उघडलं तर राउटरवरचा तो वॅन आयपीचा पहिला आकडा आणि बायॉसमध्ये कुठल्या कंपनीचा बोर्ड दिसतोय ते मला कळवा, तिथून पुढे बघू.